पिनगनचं नाक

२७ जानेवारी, मंगळवार. खापर

मामा म्हणतो, मी इथे कामाला आलोय. आई म्हणते, थंड व्हायला. मला कोणी विचारलंच नाही. सकाळी शहाद्याला बसमध्ये कोंबलं आणि दुपारी मी खापरला मामाच्या गोदामात, मांडवाच्या कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये उभा होतो.

कॉलेज सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर माझं जर्नल खिडकीतून फेकलं आणि मी त्यांची कॉलर धरली. माझं हे असंच आहे. हात आधी पोचतो, मी मागून.

आल्या आल्या नवलमामाने माझ्या हातात एक यंत्र दिलं. पिवळं-काळं, मुठीला बॅटरी लावलेलं.

"हाई काय शे?"

"कॉर्डलेस स्टेपलर."

"पिनगन म्हन. आनि पहिले बंदूक समज, मंग स्टेपलर. तार नही, आवाज बारीक, म्हनीसन लोके इले खेळनं समजतस." मामाने तिचं पुढचं टोक माझ्या नाकासमोर धरलं. बॅटरी काढलेली होती, हे मला नंतर कळलं. तोवर मी दोन पावलं मागे गेलो होतो. गोदामातला कारागीर रूपचंद खो-खो हसला.

"हाई तिनं नाक. लाकूडले टेकनं का मांगे दबास. दबनं तव्हयच पिन सुटस. नाक दबत नही तवलोंग घोडा कितला बी दाब, काय नही व्हनार. समजनं का, इंजिनेर?"

मग बाकीचं. पिन अडकली तर आधी बॅटरी काढायची, मग बोट घालायचं. चालताना, बोलताना घोड्यावर बोट नाही. दुसरा हात प्लायच्या मागे नाही. तोंड कायम लाकडाकडे, माणसाकडे कधीच नाही. आणि चष्मा. मामा हे सगळं आरतीसारखं म्हणतो, आणि आरतीसारखंच मोठ्याने.

दोन वर्षं मशीन ड्रॉइंग काढलेल्या माणसाला हे ऐकायला लागतंय.

२९ जानेवारी, गुरुवार

भंवरलाल शेठच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत काम सुरू झालं. शेठ म्हणजे इथले धान्य-मिरचीचे जुने व्यापारी, मूळचे राजस्थानचे जैन. त्यांच्या घरात दीक्षा आहे. मला फारसं माहीत नव्हतं, रूपचंदने सांगितलं : घरातली मुलगी संसार सोडून साध्वी होणार. पांढरी वस्त्रं, डोक्यावर केस नाहीत, पायात चप्पल नाही, आयुष्यभर गावोगाव पायी. "आनि घर? घर खल्लास. माय-बाप बी मंग तिना पाया पडतस."

ऐकूनच कसंतरी झालं. कोणाची तरी मुलगी अशी जिवंतपणी द्यायची!

दुपारी मी कमानीच्या प्लायवर सॅटिन ठोकत होतो. मागून आवाज आला.

"चष्मा कपाळाला लावलाय. कपाळाला दिसतं का?"

वळलो. मोहरीच्या रंगाची साडी, कोपरापर्यंत मेंदी, केसांत गजरा. माझ्याच वयाची, फार तर वर्षभर मोठी. हसत होती.

"डोळे एकदाच मिळतात, भूपेशभाई. खाली घ्या."

मी चष्मा खाली घेतला. आतून काच धुरकट झाली, मला काही दिसेना, तरी मी तसाच उभा राहिलो.

तिला माझं नाव माहीत आहे. (रूपचंद म्हणतो, मामा दिवसभर 'भूपेश, भूपेश' ओरडतो, अर्ध्या खापरला माहीत झालं असेल. रूपचंदला काय कळतं.) आणि भाई म्हणाली त्याचं काही नाही. गुजरातची हद्द इतकी जवळ, इथे दगडालाही भाई लावतात.

नाव प्रियल. शेठची धाकटी.

३१ जानेवारी, शनिवार

दीक्षा कोणाची ते आज माझ्या मीच ओळखलं. प्रियलची मोठी बहीण, अल्पना. फिका ड्रेस, डोळ्यांखाली काळं, हातात कायम जाडजूड पुस्तक. कोणाशी बोलत नाही, गॅलरीत येरझारा घालत काहीतरी पुटपुटत असते. तिच्या तोंडाकडे पाहिलं की कळतं, ही जगातून उठलेली आहे. वाईट वाटलं.

प्रियल मात्र! रोज नवी साडी, रोज दागिने, रोज कोणाच्या तरी घरी जेवायचं आमंत्रण. वाजतगाजत नेतात आणि वाजतगाजत आणून सोडतात. बहीण जाणार म्हणून हिचे लाड चालले असावेत. आज कमानीपाशी थांबली आणि म्हणाली, "सगळं एकदा घालून बघतेय." मी म्हटलं, छान दिसतं. "छानच असतं ते," म्हणाली.

मग तिने गळ्यातले हेडफोन काढून माझ्यापुढे धरले. कान झाकणारे, महागातले.

"मशीनचा आवाज दिवसभर कानाला लागत असेल. हे घाला. ठेवा तुम्हालाच."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

स्वतःच्या कानावरची वस्तू कोणी उगाच देत नाही. तिने घड्याळ रूपचंदच्या मुलीला दिलं आणि स्कूटी दूधवाल्या ताईला, हेही ऐकलं. मनाने मोठीच आहे. पण हेडफोन मला दिले.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज एक शोध लावला.

कमानीवर फोम आणि त्यावर जाळीची झालर आहे. फोम मऊ, त्यामुळे गनचं नाक नीट दबत नाही आणि पिन सुटत नाही. प्रत्येक वेळी जोर लावून टेकवा, मग दाबा. मनगट गेलं. शेवटी मी नाक मागे ओढलं आणि बांधकामाच्या तारेने बांधून टाकलं. कायमचं दबलेलं. आता नुसता घोडा दाबायचा. चट्‌चट्‌चट्! दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत झालं. मामा अक्कलकुव्याला गेला होता म्हणून बरं. रूपचंदने पाहिलं.

"मामा देखी तं तुन्हं नाक बांधी."

"मामाला सांगायचं काय काम?"

"माले काय? मी तुन्ह्यासमोर उभाच नही ऱ्हानार." आणि खरंच, दिवसभर तो माझ्या मागच्या बाजूलाच राहिला. घाबरट.

दुपारी प्रियल तिच्या दादीला घेऊन आली. भूरीबाई दादी, फार म्हातारी, डोळ्यांनी अधू, कानांनीही. खुर्चीत बसली. मी प्रियलला म्हटलं, गंमत बघा. लांबून थर्मोकोलच्या कमळावर नेम धरला आणि पिना मारल्या. एक लागली. बाकीच्या लाल मॅटवर सांडल्या.

ती हसली नाही. खाली बसली आणि मॅटमधून एकेक पिन वेचून तळहातावर ठेवायला लागली.

"इथे सगळे अनवाणी येणार."

"मी झाडून घेणारच आहे."

"घ्याल, माहितीये. पण मुंगी आत्ता चालतेय."

मीही खाली बसलो. चांगला अर्धा तास आम्ही समोरासमोर बसून पिना वेचत होतो. तिच्या हातावरची मेंदी मला पाठ झाली. एवढा वेळ कोण कोणासाठी बसतं?

तार सोडायला विसरलो. राहू दे, उद्या लागेलच.

४ फेब्रुवारी, बुधवार

सुरतहून बॅनर आलं. मी आणि रूपचंदने स्टेजवर उलगडायला घेतलं. गुंडाळी उलटी होती, म्हणून खालून उघडत गेली. आधी तारीख. मग मेंदीची पावलं. मग मोहरीच्या रंगाची साडी. मग जोडलेले हात.

मग तिचं तोंड.

मुमुक्षु प्रियलबेन.

"काय व्हयनं रे भो? ताण ना तिकडथून."

"ही? ही कशी? अल्पनाची आहे ना दीक्षा?"

रूपचंद इतका हसला की त्याच्या हातून कोपरा सुटला. "अल्पनाताईनी? अरे येड्या, ती सीए व्हई ऱ्हायनी! परीक्षा शे तिनी!"

त्या साड्या, ते दागिने, ती जेवणं. मी रूपचंदला विचारलं. तो म्हणाला, असंच असतं. दीक्षेआधी मुलीला नवरीसारखं सजवतात, घरोघर जेवायला नेतात. सगळं एकदा भोगून, मग टाकायचं. "सारा गावले माहीत शे. तुले कोनी सांगं नही?"

सांगणार कोण? मी विचारलं कोणाला?

वही मिटतो. आज एवढंच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नीट लिहायचं. झालं तसंच लिहायचं.

सकाळी ती बॅनर पाहायला आली. दादीला खुर्चीत बसवलं, चप्पल बाहेर काढून मॅटवर आली. मी स्टेजच्या पायरीशी. गन हातात. रूपचंद चहा आणायला गेलेला.

"माझं नाक मोठं आलंय ना फोटोत?" ती म्हणाली.

"तुम्ही मला सांगितलं नाही."

"काय?"

"हे. तुम्ही आहात म्हणून."

ती खरंच गोंधळली. मला तो चेहरा विसरता येणार नाही. लपवणाऱ्याचा नव्हता तो. "पण हा मांडव माझ्यासाठीच तर बांधताय तुम्ही, भूपेशभाई."

"मग हेडफोन कशाला दिले?"

"कानाला लागत होतं ना तुमच्या."

"मग पिना कशाला वेचत बसलात माझ्यासोबत?"

"पायाला लागल्या असत्या."

एवढंच. तिच्याकडे त्याच्यापुढे काही नव्हतंच. मी ओरडायला लागलो. काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. तुमचं वय काय, तुम्हाला काय कळतं, तुम्हाला कोणी फसवलंय. ती शांतपणे म्हणाली, मी बावीस वर्षांची आहे, चार वर्षं पप्पांच्या परवानगीसाठी थांबलेय. मी एक पाऊल पुढे गेलो. डावा हात बॅनरकडे करून ओरडत होतो. उजवा खाली लोंबत होता. उजव्यात गन होती. बोट घोड्यावर होतं. नाक बांधलेलं होतं.

चट्.

आवाज रोजचाच. फक्त थोडा ओला.

तिने खाली पाहिलं. मीही. तिच्या उजव्या पावलावर, अंगठ्याच्या मागे, मेंदीच्या वेलीमध्ये एक बारीक चकाकणारी आडवी रेघ होती. मला आधी वाटलं, दागिना आहे. खरंच वाटलं.

"मशीन खाली ठेवा," ती म्हणाली.

मला हलता येईना.

"भूपेशभाई, आधी बॅटरी काढा. बाजूचं बटण दाबा. ओढा. आता ठेवा." मी तसं केलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "नवलकाका रोज ओरडतात, मला पाठ झालंय सगळं."

ती पायरीवर बसली. पक्कड मागितली. मी पक्कड तिच्या पावलाकडे नेली, तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. डोळे मिटले नाहीत. ओढली. आधी नुसती दोन बारीक भोकं दिसली, मग रक्त आलं. मॅट लाल, म्हणून दिसलं नाही कोणाला.

"कांई हुयो, लाडी?" दादीने लांबून विचारलं.

"पिन लागी, दादी. काढली."

"हां, संभालके."

मी विचारलं, दुखतंय? ती म्हणाली, "हो." माफ करा म्हणालो. "केलं," म्हणाली. ती तशीच बोलते, एका शब्दात. मग म्हणाली, "पप्पांना सांगू नका. पप्पा निमित्त शोधतायत. परवा मला नुसती शिंक आली तर म्हणाले, मुहूर्त पुढे ढकलू. सोमवारी साध्वींबरोबर चालत निघायचंय. पायाचं कळलं तर थांबवतील. मग पुढचा मुहूर्त थेट आखाजीनंतर, अडीच महिने पुढे."

अल्पना तिला गाडीवरून धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी घेऊन गेली. जाताना ती लंगडली नाही. मी पाहत होतो.

रूपचंद चहा घेऊन आला. म्हणाला, "तोंड का असं? भूत देखं का?"

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप नाही. पण डोकं एकदम साफ झालं आहे.

ती म्हणाली, पप्पांना सांगू नका. मला म्हणाली. ज्याने जखम केली त्यालाच. जिला खरंच जायचंय, ती अशी किल्ली दुसऱ्याच्या हातात देईल का? तोंडाने थांबवा म्हणता येत नाही तिला. चार वर्षं सगळ्यांसमोर हट्ट केलाय, आता माघार कशी घेणार? म्हणून मला सांगितलं. तिला माहीत आहे मी कसा आहे. तिला माहीत आहे माझ्याच्याने गप्प बसवणार नाही.

जेवढा विचार करतो तेवढं पक्कं होतंय.

(दुपारी)

गेलो. शेठ दुकानात, गादीवर. समोर मिरचीची पोती, माझ्या घशात ठसका. मी उभ्या उभ्याच सांगितलं : माझ्या हातून पिनगन सुटली, प्रियलताईंच्या पायात पिन घुसली, त्यांनी लपवलंय.

शेठने चष्मा काढला.

"खोल गेली?"

"हो."

"चालता येणार नाही, एवढी?"

आणि मी तो आनंद पाहिला. बापाच्या डोळ्यांत, पोरीच्या पायात लोखंड घुसल्याचा आनंद. क्षणभरच. मग त्यांना तो स्वतःलाच दिसला असावा, कारण त्यांनी तोंड फिरवून हातांनी झाकलं.

"जा तू," म्हणाले. "चांगलं केलं. जा."

(संध्याकाळी)

शेठच्या अंगणात मलाही बोलावलं. डॉक्टर आलेले, प्रियल खुर्चीत, पायाला पट्टी. डॉक्टर म्हणाले, जखम खोल आहे पण हाड वाचलंय, आठ-दहा दिवस पाय जमिनीला लावू नका. शेठ ताबडतोब म्हणाले, "बस. मुहूर्त पुढे. मी बाप आहे, माझी रजा नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तयार होतो. डोळ्यांतून आभार येतील, किंवा राग. राग आला तरी चालला असता, राग म्हणजे काहीतरी असतं.

काहीच नव्हतं. एखाद्याने पाण्याचा ग्लास सांडला तर त्याच्याकडे पाहतात, तसं पाहिलं.

मग ती उठली, भिंतीला धरत समोरच्या उपाश्रयात उतरलेल्या महाराजसाहेबांकडे, दीक्षा देणाऱ्या साधूंकडे, गेली आणि हात जोडून पच्चक्खाण घेतलं. म्हणजे सगळ्यांसमोर नेम : दीक्षा हातात येईपर्यंत अन्न नाही, पाणीसुद्धा नाही.

शेठ तिथेच पायरीवर बसले.

मी. हे मी केलं. तिला थांबवायचं होतं असं मला का वाटलं? ती मराठीत बोलली होती. 'सांगू नका' म्हणाली होती.

७ फेब्रुवारी, शनिवार

मामाने गन तपासली. तार सापडली. मांडवात सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. माझा हात उठला नाही. पहिल्यांदाच.

"कोना डोयात जाती तं? कोना पोऱ्याना? बोल ना!" मामा ओरडत होता आणि मधेच त्याचा आवाज फुटला. "मी सांगेल व्हतं तुले. बठ्ठं सांगेल व्हतं." मग त्याने ती तार पकडीने कापली आणि शेठकडे माफी मागायला गेला. टोपी काढून. मामाला मी टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं, मधे पूर्ण टक्कल आहे.

दुपारी वरघोडा निघाला, दीक्षेआधीची मिरवणूक. फुलांनी मढवलेल्या जीपवर ती बसलेली, भरजरी शालूत, दोन्ही हातांनी तांदूळ, नाणी, कपडे उधळत. लोक झेलत होते, नाचत होते. तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते. हसत होती. ऊन कडक. माझ्या पायाशी एक नाणं पडलं. मी उचललं नाही, एका बाईने उचलून कपाळाला लावलं.

संध्याकाळचं लिहितो आणि थांबतो. आज सूर्य मावळायच्या आत घरचे तिला शेवटचं भरवणार होते. आईने, काकूने, मामीने, प्रत्येकीने एकेक घास. भूरीबाई दादीने पहाटे उठून, डोळ्यांना दिसत नसताना, स्वतः लापशी हलवली होती. तिला आवडते म्हणून. नेमामुळे ते ताट तसंच परत आलं. दादीला कोणी सांगितलंच नाही मी काय केलं ते. ती काठी टेकत मांडवात आली आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"बेटा, तू खा ले. सुबह से काम करे है. मारी लाडी तो खावे कोनी."

तिची लाडी खात नाही, म्हणून मी खाल्ली. दादी समोर उभी राहून ऐकत होती, खातोय की नाही. प्रत्येक घास गिळताना मला वाटत होतं, आता हिला कळेल.

८ फेब्रुवारी, रविवार

पहाटे रूपचंद आणि मी गुडघ्यांवर बसून सगळी मॅट हातांनी चाचपली. मामा लोहचुंबक घेऊन मागून.

शुक्रवारी काढून घेतलेली रजा शेठने शेवटपर्यंत परत दिली नव्हती. स्टेजवर महाराजसाहेबांनी विचारलं, "आज्ञा आहे?" मांडव भरलेला, माणसं बाहेर रस्त्यापर्यंत. शेठ उभे राहिले. ती हात जोडून त्यांच्याकडे बघत होती, दोन दिवसांची उपाशी, पायाला पट्टी. शेठने नुसती मान हलवली.

मग महाराजसाहेबांनी तिच्या हातात ओघो दिला. पांढऱ्या लोकरीचा झुपका असलेली काठी. जीवजंतू हळूच बाजूला सारायला साध्वी जवळ ठेवतात ती. आणि ती नाचली.

मला कोणी सांगितलं नव्हतं की नाचतात. मी कमानीच्या खांबाला धरून उभा होतो. तिने ओघो डोक्यावर धरला आणि स्टेजभर गरगर फिरली, उड्या मारल्या. दोन दिवस पाण्याचा थेंब नाही. त्याच पायावर. पट्टी लाल होत गेलेली मला दिसत होती, तिला नसावी दिसत. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. एवढा आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. लग्नात नाही, निकालाला नाही, कुठेच नाही.

आणि मी हे थांबवायला निघालो होतो. माझा आधी विश्वासच बसेना. मग मांडवातले लोक रडत होते त्यांच्यात मीही रडलो, कोणाच्या लक्षात आलं नाही.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा पांढरी वस्त्रं, डोक्यावर केस नाहीत. मी तिला ओळखलं नाही. तीन साध्वी एकत्र आल्या, आणि मी पावलांकडे पाहून ओळखलं. नवं नाव जाहीर झालं. ते इथे लिहावंसं वाटत नाही आणि जुनं आता लिहू नये असं रूपचंद म्हणतो.

भूरीबाई दादीला धरून आणलं. दादी तिच्यापुढे वाकली. जमिनीला डोकं टेकवून. ज्या पोरीला न्हाऊमाखू घातलं तिच्या पायाशी. तिने हात वर करून म्हटलं, "धर्मलाभ."

पुढे मामा. धर्मलाभ. रूपचंद. धर्मलाभ. मी लांबून वाकलो, वर पाहिलं नाही.

"धर्मलाभ."

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उजाडताच त्या निघाल्या, सागबाऱ्याच्या रस्त्याने गुजरातकडे. अर्धं गाव सोबत, शेठ सगळ्यांत मागे, अनवाणी. मी गेलो नाही. मांडवाच्या तोंडापाशी उभं राहून पाहिलं. ती चौथी होती, किंचित लंगडत. वळणापर्यंत पांढरं दिसलं, मग नाही.

मामाने टेम्पो लावला. मी झालर उचकटायला घेतली. एकेक पिन पकडीने काढून डब्यात. बऱ्याच वेळाने शेठ परत आले. पायांना धूळ, कपाळावर घाम. घराकडे गेले नाहीत. गुंडाळलेल्या मॅटवर येऊन बसले, कोणी पाहुणा बसतो तसे, कडेला.

मी पकड खाली ठेवली. आता मारतील असं वाटलं. मारावं असंही वाटलं.

"बस," म्हणाले.

बसलो.

"शुक्रवारी तू दुकानात आलास ना, तेव्हा मी तुझ्या पाया पडलो असतो," शेठ म्हणाले. "आणि संध्याकाळी तिने पाणी सोडलं तेव्हा जीव घेतला असता तुझा."

"हो, शेठ."

"दोन्ही राहिलं."

मांडवाचं कापड वाऱ्याने फडफडत होतं. मग त्यांनी विचारलं, "हे आजच काढायला पाहिजे का?"

मामाने टेम्पोतून हाक मारली, "भूपेश! चाल रे, गाडी भराशी का नही?" मी बसूनच हात हलवला, नाही म्हणून. मामा काही तरी ओरडणार होता, मग त्याला शेठ दिसले.

"मला वाटलं," शेठ म्हणाले, "वळणावर एकदा मागे बघेल."

"मलापण," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी जीभ चावली. ते थोडे सरकले आणि मॅटवर मला नीट बसायला जागा करून दिली.